धरलेला हात आणि दिलेला शब्द

लहान मुलास सायकल शिकविताना बहुतेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. मूल अंग ताठ करून, ओठ दाबून पायडल मारीत असते आणि वडील, काका किंवा थोरला भाऊ सीटला मागून हात देऊन धावत असतो. "बाबा, सोडू नका हं!" असे मूल ओरडते, "धरलंय, धरलंय, तू पुढं बघ," असे उत्तर येते. हे उत्तर येते तेव्हा हात बहुधा सुटलेला असतो. पाचपंचवीस हात पुढे गेल्यावर बाबांचा आवाज मागे राहिल्याचे मुलाच्या ध्यानात येते. मग ते एक तर आनंदाने किंचाळते, नाही तर मागे वळून पाहते आणि पडते. पाहणारी मंडळी दोन्ही वेळा हसतात, आणि पुढे हीच गोष्ट लग्नकार्याच्या पंगतीत वर्षानुवर्षे सांगितली जाते.

या हसण्यात एक प्रश्न विरून जातो. तो आज सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा असे वाटते. ज्याने आपल्यावर सर्वस्वी विश्वास टाकला आहे त्यास, त्याच्याच हितासाठी आणि नेमक्या त्याच क्षणी, खोटे सांगणे योग्य आहे काय? प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. मोठ्या माणसांच्या व्यवहारात याहून कितीतरी मोठी असत्ये रोज पचतात. परंतु मुलाच्या जागी उभे राहून पाहिले म्हणजे तो तितका क्षुल्लक वाटत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलास जगातील फारच थोड्या गोष्टी पक्क्या ठाऊक असतात, आणि 'बाबांनी धरले म्हणजे धरले' ही त्यांपैकी एक असते.

या खोट्याचे समर्थन करणारे काही अविचारी नसतात. ते म्हणतात की भीती हाच खरा अडथळा आहे. मुलाच्या अंगी तोल आलेला असतो, पण तो आला आहे यावर त्याचा विश्वास बसलेला नसतो. अशा वेळी 'आता सोडतो' असे खरे सांगितले तर मूल हातपाय गाळते आणि आलेली विद्याही वाया जाते. म्हणून थोडे फसवावे, यश हाती द्यावे आणि मग त्यालाच दाखवावे की हे सारे तू एकट्याने केलेस. कडू औषध गुळात घालून देण्याचाच हा प्रकार, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? कित्येकांच्या पिढ्या अशाच शिकल्या, आणि वडिलांनी आपणांस फसविले म्हणून उरात सल घेऊन जगणारा कोणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

उलट बाजू आपल्या परंपरेस अनोळखी नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचे सांगितले आणि तो हत्ती होता हे हळूच, ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटले. तोवर त्याचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे. त्या क्षणी त्याची चाके जमिनीस टेकली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या असत्याचा परिणाम पांडवांच्या दृष्टीने इष्टच झाला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले. तरीही कथेने रथ खाली आणलाच. फळ गोड लागले म्हणून शब्दाचे उणेपण भरून निघत नाही, असा त्या कथेचा कौल दिसतो. पाश्चात्त्यांत कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली याच विषयावर एक निबंध लिहिला आणि मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्यासही खोटे सांगू नये इतकी टोकाची भूमिका घेतली. ती मला पटत नाही. घर जळत असताना आत अडकलेल्या माणसास धीर देण्यासाठी 'आलोच, दोन पावलांवर आहे' असे म्हणणाऱ्यास मी असत्यवादी म्हणणार नाही. परंतु अशा प्रसंगी असत्यास जी क्षमा मिळते ती एकाच कारणाने, की दुसरा मार्ग उरलेला नसतो. तेव्हा आपला प्रश्नही येथेच येऊन ठेपतो. सायकल शिकविताना दुसरा मार्ग नव्हता काय?

आमच्या वडिलांच्या पिढीस तो फारसा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. घरात एकच सायकल, तीही मोठ्या माणसाची, उंच आणि वजनदार. दुकानातून तासाच्या भाड्याने मिळणारी सायकलही बहुधा तशीच. मुलाचा पाय सीटवरून जमिनीस टेकण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मुले मधल्या दांडीखालून पाय घालून, अंग वाकडे करून अर्धे अर्धे पायडल मारीत. त्याही आधीची एक पायरी मात्र आपण विसरलो आहोत. डावा पाय पायडलवर ठेवावयाचा, उजव्या पायाने जमीन रेटावयाची, आणि सायकल घरंगळू लागली की उजवा पाय उचलून जमेल तितका वेळ तसेच जावयाचे. सीटवर बसण्यापूर्वी कित्येक मुले आठ आठ दिवस हेच करीत. बडोद्यात दांडिया बाजार व रावपुरा या भागांत ज्यांचे बालपण गेले त्यांस हे चित्र सांगावयास नको. कोणी शिकविले नव्हते, पण मुलांनी क्रम बरोबर लावला होता. आधी तोल, मग पायडल.

यंत्राच्या इतिहासातही हाच क्रम आहे, याची मोठी गंमत वाटते. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम गावी कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाके एकामागे एक लावलेले लाकडी वाहन प्रथम चालविले. त्यास पायडल नव्हते. त्यावर बसून पायांनी जमीन मागे रेटीत जावयाचे, आणि वेग आला की पाय उचलावयाचे. पुढच्या चाकास पायडल लागले ते पॅरिस येथे, १८६० नंतरच्या काही वर्षांत. साखळीने मागचे चाक फिरविणारी, आजच्या सायकलीची आजी म्हणता येईल अशी सायकल जॉन केंप स्टार्ली याने इंग्लंडात १८८५ साली आणली. म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळता येतो हे कळल्यानंतरही पाय जमिनीवरून कायमचे उचलण्यास मनुष्यजातीस सुमारे अर्धे शतक लागले. चार वर्षांच्या मुलास आपण चार संध्याकाळी देतो आणि पाचव्या दिवशी चिडतो!

आता बाजारात पुन्हा ड्राइसच्याच कल्पनेची छोटी सायकल मुलांसाठी मिळते. तिला 'बॅलन्स बाइक' म्हणतात. येथे आपण तिला बिनपायडलाची सायकल म्हणू. तिचे आजचे रूप जर्मनीत १९९७ च्या सुमारास पुढे आले आणि आता ती आपल्याकडील शहरांतही दिसू लागली आहे. चाक बारा इंचांचे, सीट इतकी खाली की दोन्ही तळवे जमिनीस सपाट टेकावेत. दोन वर्षांचे मूल तिच्यावर बसून आधी नुसते चालते, मग धावते, मग एके दिवशी पाय वर घेऊन चारसहा हात तरंगत जाते. त्यास कोणी धरीत नाही, म्हणून कोणी सोडण्याचाही प्रश्न येत नाही.

येथे तोलाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. सायकल तोलण्याचे मर्म ताठ बसण्यात नाही. ती ज्या बाजूस कलते त्याच बाजूस हँडल किंचित वळविले, की चाके पुन्हा आपल्या भाराखाली येतात आणि ती सावरते. पडण्याच्या दिशेस वळणे हाच न पडण्याचा उपाय! वळण घ्यावयाचे झाल्यास तर सायकलीस आधी त्या बाजूस कलू द्यावे लागते. हे सारे क्षणार्धात घडते आणि चालविणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच सायकल उभी राहते असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने तो गुण नाहीसा करणारी सायकल बनविली, आणि तीही त्यास चालविता आली. पुढे २०११ साली अमेरिका व नेदरलँड्स येथील संशोधकांनी प्रयोगाने दाखविले की हा गुण नसला आणि पुढच्या चाकाची नेहमीची रचना नसली तरीही दुचाकी स्वतःहून सावरू शकते. जे विद्वानांस शब्दांत मांडावयास इतकी वर्षे लागली ते बाबा धावता धावता 'तोल सांभाळ, तोल सांभाळ' असे ओरडून कसे शिकविणार? ते ज्ञान अंगास अंगानेच होते. आपण फार तर त्यास संधी देऊ शकतो.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस छोटी चाके लावण्याची जी रीत आहे ती नेमकी ही संधी काढून घेते. बाजूची चाके असलेली सायकल कलतच नाही. मूल पायडल मारण्यात प्रवीण होते, पण वळणावर त्याचे अंग बाहेर जाऊ पाहते आणि हँडल ते तीनचाकीप्रमाणे फिरविते. म्हणजे चुकीची सवय पक्की होते. पुढे ती चाके काढली की मुलाच्या पदरी काय उरते? पायडल, जे कोणासही तासाभरात येते. जे अवघड होते ते जसेच्या तसे शिल्लक, वर वर्षभराची फसवी खात्री. मग बाबांस मागे धावावे लागते आणि 'धरलंय' हे वाक्य जन्मास येते. आपल्या या असत्याचे मूळ मुलाच्या भित्रेपणात नाही, आपण शिकवणीचा क्रम उलटा लावला त्यात आहे, असे माझे मत आहे.

मदतीच्या या दोन तऱ्हा आपल्या घरांत फार जुन्या काळापासून आहेत. आपला लाकडी पांगुळगाडा आठवावा. तीन चाके आणि हातात धरावयाची एक आडवी पट्टी. मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, गाडा पुढे ढकलते, तो फार पुढे गेला तर बसकण मारते. भार त्याचा त्यानेच पेलावयाचा. गाडा केवळ हातास काही तरी देतो. त्याची जागा पुढे चाकांच्या गोल खुर्चीने घेतली, जिच्यात मूल कापडी बैठकीवर लोंबते आणि पायांच्या टोकांनी जमीन ढकलून घरभर भिरभिरते. आईबापांस वाटते, काय पण लवकर चालू लागले! वस्तुतः ते चालत नसते. पायांवर भार पेलण्याचे, म्हणजेच चालण्याचे मुख्य काम त्या खुर्चीने आपल्याकडे घेतलेले असते. कॅनडात अशा खुर्च्यांच्या विक्रीस २००४ साली बंदी झाली, ती त्या जिन्यावरून घरंगळून होणाऱ्या अपघातांमुळे. पण अपघात बाजूस ठेवला तरी भेद उरतोच. एक मदत सोपा भाग दूर करून अवघड भाग मुलाच्या उंचीवर आणून ठेवते. दुसरी अवघड भागच उचलून नेते आणि सोप्या भागाचे कौतुक करीत बसते. बिनपायडलाची सायकल पांगुळगाड्याच्या कुळातील आहे. बाजूची चाके त्या खुर्चीच्या.

असे असले तरी बिनपायडलाच्या सायकलीवरून पायडलच्या सायकलीवर जाणे म्हणजे नुसती उडी मारणे नव्हे. या संक्रमणात मुलाच्या मनाचे काय होते, इकडे पालकांचे फारसे लक्ष जात नाही. छोट्या सायकलीवर ते राजा असते. उतारावरून पाय वर घेऊन सुसाट जाते, वळते, थांबते, मोठ्यांस दचकविते. मग वाढदिवसास नवी, चौदा किंवा सोळा इंची चाकांची, चकचकीत सायकल येते आणि राजाचा पुन्हा उमेदवार होतो. ती जड असते. उंच असते. आणि मुख्य म्हणजे ती पायांकडे एक निराळीच मागणी करते. जुन्या सायकलीवर पाय हेच मुलाचे अभय होते; काही बिनसले की खाली टेकविले, संपले. नव्या सायकलीवर त्याच पायांस काम लागते. जे पाय आसरा होते त्यांनाच मजुरीस लावावयाचे, आणि दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत. तोल तर त्यास आधीच येतो, त्यामुळे येथे शिकावयाचे ते एवढेच की आसरा हाती नसतानाही तोल आपलाच आहे. ही गोष्ट वेगाची किंवा बळाची नाही, आणि म्हणूनच तिची तारीख दुसऱ्याने ठरवू नये.

आमच्या सोसायटीच्या आवारात एक चार वर्षांची मुलगी छोटी सायकल फार सफाईने चालवी. नवी सायकल आली तशी ती तिच्यावर एकदा बसली, पायडल नडगीस लागले, उतरली, आणि पुन्हा म्हणून तिकडे फिरकेना. तिचा पुण्याचा मावसभाऊ साडेतीन वर्षांचा असतानाच पायडल मारू लागला होता, आणि त्याची चलचित्रे घरच्या मंडळींच्या फोनवर रोज येत. वडिलांची घालमेल होऊ लागली. आजी मात्र बाकावर बसून शांतपणे म्हणाल्या, "तिचे पाय अजून जमिनीशी बोलताहेत. बोलू द्या की." शेवटी वडिलांनी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून नव्या सायकलीची दोन्ही पायडले काढून आणली आणि सीट अगदी खाली केली. ज्यांस हे घरी करावयाचे असेल त्यांनी ध्यानात ठेवावे की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविले म्हणजे सुटते. नेहमीप्रमाणे उलट जोर लावीत बसल्यास पाना सुटून बोटे सोलतात. आता ती सायकल म्हणजे जुन्याच सायकलीची मोठी बहीण झाली. मुलगी तिच्यावर बसून पाय रेटीत फिरू लागली. जडपणा अंगवळणी पडला, उंची अंगवळणी पडली. दोन-अडीच आठवड्यांनी एका संध्याकाळी तीच म्हणाली, "बाबा, आता ते लावा ना."

येथून पुढे जे झाले ते मी जवळून पाहिले, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे. वडिलांनी सीट किंवा हँडल धरले नाही. हँडल दुसऱ्याने धरले की कलण्याबरोबर वळण्याचे मुलाचे काम थांबते, आणि सीट धरली की सायकल मुलाच्या अंगाशी न बोलता धरणाऱ्याशी बोलते. त्यांनी मागे उभे राहून मुलीच्या दोन्ही काखांखाली हलके हात दिले. एक पायडल पुढे वर आणून ठेवले, घड्याळात दोन वाजता तासकाटा जेथे असतो साधारण तेथे, म्हणजे पहिला जोर वाया जात नाही. मुलीने नेहमीचे वाक्य म्हटले, "सोडू नका हं!" वडील म्हणाले, "नाही सोडणार. तुला नको झालं, की तूच सांग." ते चालू लागले, मग धावू लागले. आठ-दहा पावलांत तिला वेग आला, बाबांचे हात आड येऊ लागले, आणि ती वैतागून ओरडली, "सोडा ना आता!"

हात तेव्हा सुटले. शब्द मोडला नाही.

कोणी म्हणेल, दोन्हीकडे मूल शेवटी एकटेच गेले, मग भेद तो कोणता? मला तो फार मोठा वाटतो. पहिल्या प्रकारात बाप मुलास सोडतो आणि मूल ते मागाहून शोधून काढते. दुसऱ्यात मूल बापास सोडते, आणि बाप ते ऐकतो. पहिल्यात मूल सायकल शिकते, पण त्याबरोबर हेही शिकते की माणसे 'धरले आहे' म्हणतात तेव्हा एकदा मागे वळून पाहावे. पुढे हेच मूल दवाखान्यात विचारते, "सुई दुखेल का?" शाळेच्या दाराशी विचारते, "बाहेरच थांबाल ना?" तेथे आपणांस आपला शब्द खपवावयाचा असतो. मुलाच्या मनात आपल्या शब्दाचा किती साठा आहे हे कोणी मोजून दाखविले आहे असा माझा दावा नाही. परंतु खर्च न करता भागत असेल तर खर्च का करावा?

श्रीवैष्णव आचार्यांमध्ये रामानुजांनंतर जो वाद झाला तो पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. माकडीचे पोर आईस स्वतः घट्ट धरते. मांजरीच्या पिलास आई तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करावयाचे नसते. भक्ताने आपण होऊन धरावे की सारा भार टाकून द्यावा, असा त्या मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर न्यायांचा विषय. तो वाद ईश्वर आणि जीव यांच्यातील आहे. तो घरातील आईबापांवर जसाच्या तसा लादणे मला योग्य वाटत नाही. कारण त्या दोन्ही दृष्टांतांत पिलू अखेरपर्यंत आईजवळच असते. आईबापांचे काम त्याहून विचित्र आहे. त्यांनी असे धरावयाचे की पिलास पुढे धरून घेण्याची गरजच पडू नये. आणि तरीही, जोवर ते 'धरा' म्हणते तोवर धरलेले असावयाचे. यात घाई केली तर भरवसा जातो. पण उशीरही निर्दोष नाही. जे मूल पाय वर घेऊन दूरवर तरंगत जाते, तरंगत असतानाच वळते, आणि मोठ्या मुलांच्या पायडलांकडे टक लावून पाहते, त्यास 'अजून लहान आहेस' म्हणून छोट्या सायकलीवरच ठेवणे ही काळजी मुलाची नसून बहुधा आपलीच असते. काही आजी-आजोबांस हे वाक्य रुचणार नाही. त्यांची क्षमा मागतो, पण वाक्य ठेवतो.

एक आक्षेप खर्चाचा आहे आणि तो रास्त आहे. दोन-तीन वर्षांत लहान होणाऱ्या वस्तूवर पैसे घालविणे सर्व घरांस परवडत नाही, आणि परवडले तरी आवश्यक नाही. कोणतीही लहान, जुनी, पायडल काढलेली आणि सीट खाली केलेली सायकल तेच काम करते. तळवे जमिनीस टेकले पाहिजेत, एवढी एकच अट. आपल्या सभासद कुटुंबांत एका घरची सायकल दुसऱ्या घरी जाऊ लागली तर चार मुलांचे एकीवर भागेल. डोक्यावरचे शिरस्त्राण मात्र त्या त्या मुलाच्या मापाचे आणि न आपटलेले असावे. ते वारसाहक्काने फिरवू नये.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. 'तुमच्या मुलीने "सोडा" म्हटले. आमचा मुलगा कधीच म्हणत नाही, मग जन्मभर धावावयाचे काय?' याचे उत्तर असे की जे मूल आधी बिनपायडलाच्या सायकलीवर मनसोक्त फिरले आहे त्यास आधार लागतो तो केवळ निघताना, पहिल्या काही पावलांपुरता. पुढे धावणाऱ्याचीच दमछाक होते. तरीही मूल 'सोडा' म्हणत नसेल तर ते तयार नाही इतकाच अर्थ घ्यावा, पायडले पुन्हा काढावीत आणि महिनाभर विषय काढू नये. आणि बाप खरोखरच दमला असेल तर तसे सांगण्याची सोय आहेच: "मी दमलो, आता थांबतो, पाय टेकव." हेही खरे बोलणेच आहे, आणि मुलांस ते आपण समजतो त्याहून पुष्कळ चांगले समजते.

राहता राहिला थांबण्याचा प्रश्न. वर सांगितलेली मुलगी 'सोडा ना' म्हणून जी गेली ती थेट आवाराच्या भिंतीपर्यंत. तेथे तिने जुन्या सवयीने दोन्ही पाय खाली टाकले, पायडल पोटरीस लागले आणि ती आडवी झाली. फार लागले नाही. ती रडलीही नाही, भिंतीवरच रागावली. छोट्या सायकलीस बहुधा ब्रेक नसतो, असला तरी मुले तो वापरीत नाहीत. बुटांचे तळवे झिजवून थांबतात. त्यामुळे नव्या सायकलीवर निघणे आधी येते आणि थांबणे राहून जाते. पायडले लावण्यापूर्वीच, ती काढलेली असताना, हाताचा ब्रेक दाबून थांबण्याचा खेळ मुलाकडून पुष्कळ वेळा करून घ्यावा. जमिनीवर खडूने रेघ ओढावी आणि रेघेवर चाक थांबविण्यास सांगावे. ब्रेकची मूठ मुलाच्या बोटांस पोहोचते की नाही हे दुकानातच पाहावे. ती आत घेण्याचा लहान स्क्रू बहुतेक सायकलींस असतो. आणि आवारास रस्त्याकडे उतार असेल तर पहिले आठ दिवस फाटक लावून घ्यावे.